चावडीवरचा रेडिओ

नवे यंत्र आले की गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यानेच पोरे बिघडणार. दुसरा म्हणतो, यानेच गाव सुधारणार. आज मोबाईलवरून हा वाद चालतो, तसा पूर्वी रेडिओवरून चाले. या वादाची पारख एकदा आपल्याच मुलखात झाली, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

साल १९५६. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीवाडीचा, आरोग्याचा कार्यक्रम लागायचा. वीसेक माणसे जमून ऐकायची, आणि खरी गंमत पुढेच आहे, ऐकून झाले तरी उठायची नाहीत. हे आपल्या रानात जमेल की नाही, याचा खल चालायचा. उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून जायच्या, आणि त्यांची उत्तरे रेडिओवरून यायची.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी याची पाहणी केली. मंडळाची गावे, नुसत्या रेडिओची गावे आणि रेडिओच नसलेली गावे त्यांनी ताडून पाहिली. मंडळाच्या गावी लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसत्या रेडिओच्या गावी वाढ बेताचीच. यंत्र सारखेच हो! दोन्ही पक्ष भांडले ते यंत्रावरून, बैठकीकडे कुणी पाहिलेच नव्हते.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, ज्याच्या त्याच्या खांद्याला लटकू लागला, आणि चावडीवरची ती बैठक हळूहळू विरळ होत गेली.