तीव्र मूत्रपिंड इजा आणि दाहशमन

मूत्रपिंडाचे कार्य काही तासांत वा दिवसांत अकस्मात खालावण्याच्या अवस्थेस तीव्र मूत्रपिंड इजा म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण ४८ तासांत प्रति डेसिलिटर ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, ही तिची एक कसोटी आहे. छत्तीसगडसारख्या वनप्रदेशात घोणस सापाचा दंश, हिवताप व अतिसार ही तिची कारणे ठरू शकतात. राज्याची राजधानी रायपूर येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था रुग्णसेवेत आहे.

इजा झालेल्या पेशींच्या संकेतांमुळे पांढऱ्या रक्तपेशी मूत्रपिंडात जमून दाह निर्माण होतो. मर्यादित दाह दुरुस्तीस साह्य करतो. मात्र तो लांबल्यास मूत्रपिंड कायमचे दुबळे होऊ शकते. म्हणूनच दाहशमनावर संशोधन सुरू आहे. तथापि, सर्व रुग्णांना लागू पडेल असे औषध अद्याप मान्य झालेले नाही. मूळ कारणावर उपचार, शरीरातील पाण्याचे संतुलन आणि गरजेनुसार डायलिसिस हाच मुख्य आधार आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दाहशामक वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवू शकतात. त्यामुळे जुलाब, ताप वा सर्पदंशानंतर त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. लघवी कमी झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.