नापसंतीचा शेरा

हस्तलिखित ‘साभार परत’ आलें म्हणजे लेखकाच्या मनांत बहुधा दोनच विचार येतात: एक तर आपलें लिखाण टाकाऊ आहे, किंवा परीक्षक मत्सरी आहे. दोन्ही विचार सोयीचे आहेत. कारण त्यांपैकीं कोणताही पत्करला कीं पुढें कांहीं करावयाचें उरत नाहीं. तिसरी एखादी वाट आहे कीं काय, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा इतिहास पाहावा.

१८५५ सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें ठेविलें. एका गरोदर स्त्रीला व तिच्या कुणबी नवऱ्याला ग्रहपीडेचें भय घालून जोशी कसा नागवितो, आणि शेवटीं तीं दोघें शिकण्याचा निश्चय कसा करितात, हें त्याचें कथानक. कमिटीनें तें नापसंत केलें. ही हकीकत जोतीरावांनीं पुढें ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथांत स्वतःच सांगितली आहे. भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन गृहस्थांचें कांहीं चाललें नाहीं, असा त्यांचा आरोप आहे. परंतु आपणांस येथें पाहावयाचें तें निराळें. त्या वेळीं त्यांनीं नाटक बाजूस ठेवून दिलें. तें प्रथम छापून निघालें १९७९ सालीं, म्हणजे १२४ वर्षांनीं! ज्यांच्यासाठीं तें लिहिलें होतें, त्यांच्या कित्येक पिढ्या तें न ऐकतांच गेल्या. नकार मुकाट्यानें स्वीकारण्याची किंमत ही अशी असते, आणि ती एकटा लेखकच भरतो असें नाहीं.

हा धडा जोतीराव विसरले नाहींत. १८६९ सालीं ‘ब्राह्मणांचें कसब’ हें पुस्तक त्यांनीं पदरचे पैसे खर्चून छापिलें. पण पुस्तक छापल्यानें नकार संपत नाहीं. तो फक्त रूप बदलतो. पुढें ‘निबंधमालें’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडविली. जोतीरावांची भाषा मात्र पुढेंही तीच राहिली. ती शास्त्र्यांसाठीं नव्हतीच.

तिसरा नकार सर्वांत कठीण होता, कारण तो घरचाच होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधु’ पत्रांत आलीं आणि संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं पुढचीं थांबविलीं. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे, जोतीरावांचेच सहकारी. जोतीराव संतापले. परंतु लेखणी थांबली नाहीं. प्रकरणें तयार होत तसतशीं तीं पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर येथील लोकांस ते वाचून दाखवीत होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनींही तीं ऐकिलीं. १८८३ सालीं ग्रंथ पुरा झाला. ज्याला श्रोते मिळाले आहेत त्या ग्रंथाला संपादकाचा नकार बोंचतो, पण मारीत नाहीं.

मला वाटतें, अठ्ठावीस वर्षांत जोतीराव जें शिकले तें हेंच. नकार मनाला लागूं न देणें हें कांहीं ते शिकले नाहींत. तो त्यांना शेवटपर्यंत लागत होता. आपलें लिखाण कोणासाठीं आहे आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणास आहे, हे दोन प्रश्न त्यांनीं वेगळे केले नाहींत, इतकेंच.

हें लिहितांना एक गोष्ट मला टोंचते. मी स्वतः कैक वर्षें पुस्तकांच्या एका निवड-समितीवर बसत आलों. एकदां एका खेड्यांतील तरुण शिक्षकानें आपल्या गांवच्या पाणवठ्यांविषयीं लिहिलेलें बाड माझ्याकडे आलें होतें. विषय मला अपरिचित, भाषा ओबडधोबड. मीं एका ओळींत ‘नापसंत’ असा शेरा मारून तें परत केलें, आणि त्या दिवशीं मला आपल्या साक्षेपाचा अभिमानही वाटला. तें बाड त्यानें पेटींत ठेवून दिलें, कीं त्याच पाणवठ्यावर बसून चार माणसांस वाचून दाखविलें? दुसरें घडलें असावें, अशी मी आशा करितों. त्या शेऱ्याचा निवाडा मग माझ्यापाशीं राहिला नसेल.