खो मिळेपर्यंत उठायचं नाही

पोरी, खाली बघ. चैत्र पौर्णिमेचा दुसरा दिवस आहे, ऊन तापलंय आणि तू येरमाळ्याच्या चुन्याच्या रानात उभी आहेस. डोंगरावरच्या देवळातून येडाईची पालखी निघालीय. संबळ ऐकू येतोय, पण अजून लांब आहे. तुझ्याभोवती हजारो माणसं कंबरेत वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतायत. म्हातारी वेचते, कडेवरच्या लेकरालाही आई एक खडा धरायला देते. हे खडे ढिगावर टाकायचे आणि त्याच चुन्यानं आईचं देऊळ रंगवायचं, अशी इथली रीत. तूही दोन खडे उचल. हाताला ऊन लागतील. मूठ मिट आणि मान वर कर.

भोंगे गप्प झाले. सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर थांबली. आंब्याखाली बैलगाड्या सुटल्यात, बैल कडबा खातायत. हे १९४९ साल. हैदराबाद संस्थान भारतात येऊन सातच महिने झालेत, रेवड्यांच्या पालावर अजून हाली शिक्का चालतोय. बार्शी इथून हाकेच्या अंतरावर, पण काल-परवापर्यंत ती इंग्रजांच्या मुलखात आणि आपलं गाव निजामाच्या. मोठी माणसं दबक्या आवाजात अजून त्याच गोष्टी बोलतात. तू तिकडं लक्ष देऊ नकोस. तो लंगोटातला नऊ वर्षांचा पोरगा बघ, दोन्ही गुडघे सोललेला. तोच तुझा आबा.

कुस्त्यांचा फड लागलाय. मोठ्या जोडांच्या आधी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या असतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत पंच रेवड्या टाकतो. आबा त्याच्याहून दीडपट मोठ्या पोराशी भिडतो आणि बघता बघता चीतपट होतो. पाठीला माती, डोळ्यांत माती. उठतो, खदखदा हसतो आणि जिंकलेल्या पोरासमोर हात पसरून म्हणतो, "आरं, मी पडलो म्हणून तुला मिळाल्या की! माझा वाटा दे." ते पोरगं गोंधळतं आणि खरंच अर्ध्या रेवड्या देतं. तू पाहिलास तो काठी टेकत चालणारा, कवळी काढून तुला घाबरवणारा आबा. पण हे हसू नीट बघून घे, ते शेवटपर्यंत असंच राहिलं.

कुस्ती त्यांना फार लाभली नाही, अंगच हडकुळं. खो-खो मात्र त्यांचा जीव. पळतीला असले की खांबाभोवती अशी हुलकावणी देत की पकडणारा सूर मारून मातीत आणि हे पलीकडच्या पाटीत. तरी त्यांना विचारलंस तर ते पळण्याबद्दल बोलायचेच नाहीत, बसण्याबद्दल बोलायचे. आठ गडी ओळीत बसलेले, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. पळणारा अगदी नाकासमोरून गेला तरी उठायचं नाही. पाठीवर थाप पडली, 'खो' कानात आला, की मगच. "पळायला कुणाला बी येतं," म्हणायचे, "बसायला दम लागतो."

आता मूठ पुन्हा मिट. १९७२. बालाघाटाच्या माथ्यावर गवताचं पान नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायामाणसांची रांग उन्हात बसलीय. मी, त्यांची लेक, सहा वर्षांची, सुकडीचं भांडं पोटाशी धरून बसलेली. घरी लाल मिलोची भाकरी, घशाखाली उतरायची नाही. बत्तीस वर्षांचे आबा दिवसभर हातोडा चालवतात आणि काम सुटलं की त्याच फुफाट्यात रेघ ओढून पोरांना हुतुतूला बोलावतात. माझी आई ओरडते, "अंगात रगत हाय का खेळायला?" आबा तिला म्हणतात, "तू बी ये. तुला धरायला समदं गाव लागंल." बाया हसू लागतात. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. त्या दुष्काळातलं मला भुकेपेक्षा हेच जास्त आठवतं.

पुढची जागा मला अवघड आहे, पण तुला नेणार. १९८० आहे. चौदा वर्षांची मी शाळेच्या मैदानावर पळतेय. त्यांचेच पाय, त्यांचीच हुलकावणी. खेळाचे मास्तर संध्याकाळी घरी येतात, उस्मानाबादला निवडीला पाठवा म्हणतात. तू दाराआड उभी राहा, मी तिथंच आहे. आबा मास्तरांना चहा पाजतात, खेळाबद्दल तासभर बोलतात आणि शेवटी म्हणतात, "पोरीची जात हाय मास्तर. आता बास झालं." दोन वर्षांनी माझं लग्न लागलं. ज्या माणसानं गावातल्या पोराठोरांना मैदानावर आणलं, त्यानं घरातली पोर मैदानावरून उठवली. त्यांची आठवण काढताना लोक त्यांचे विनोदच सांगतात. मी हेही सांगते. माणूस पुरा सांगावा.

चल. १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जमीन हलली. गणपतीचं विसर्जन करून दमलेली माणसं झोपेतच गाडली गेली. आपलं घर उभं राहिलं, पण आत निजायची कुणाची छाती होईना. महिना झाला तरी आपल्या आळीतली लेकरं-बाळं अंगणात, खळ्यात. भांडं पडलं तरी पोरं किंचाळायची.

आज कोजागिरी आहे. मी दोन लेकरं घेऊन माहेरी आलेय. खळ्यात चांदणं असं पडलंय की सुईत दोरा ओवावा. आबा कोनाड्यातून यात्रेत वेचून आणलेले चुन्याचे खडे काढतात. दरसाल चार खडे ते घरी आणायचेच. दगडावर ठेचून, भुकटी करून ते फक्की मारतायत. बघ, त्रेपन्न वर्षांचा माणूस ओणवा होऊन चिमटीनं रेघ सोडतोय, पावलांनी अंतर मोजतोय. दोन टोकांना खांब म्हणून बैलगाडीची दोन जुवाडं पुरलीत. भेदरलेली पोरं एकेक करून जवळ येतात. सात बसतात, आठवा चौकोन रिकामा राहतो.

आबा माझ्याकडं बघत नाहीत. रेघ पुसल्यासारखं करत म्हणतात, "बस की. तुझी जागा हाय ती."

मी सत्तावीस वर्षांची आहे. पदर खोचते, निऱ्या वर घेते आणि बसते. सासूबाईंना कळलं तर काय, हा विचार येतो आणि जातो. चांदण्यात पळणाऱ्यांच्या सावल्या अंगावरून जातात. मग पाठीवर थाप पडते, त्यांच्याच हाताची, जड, चुन्यानं माखलेली. "खो!" तेरा वर्षांनी मी उठले, पोरी. किती जण बाद केले ते आठवत नाही. ब्लाउजच्या पाठीवर पांढरा पंजा उमटला होता, तो मी बरेच दिवस धुतला नाही. माफी त्यांनी कधी मागितली नाही आणि मीही विषय काढला नाही.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, भरभर जाऊ. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचं सुवर्ण जिंकलं, कर्णधार आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे. आबांनी गल्लीत पेढे वाटले, जसं काही नातच जिंकली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा पेपरातला फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि मला हाक मारून दाखवला. बराच वेळ दोघंही फोटोकडं बघत उभे होतो.

मग तू. आठ वर्षांची, पुण्याहून सुट्टीला आलेली. ते खुर्चीवर, मांडीवर काठी आडवी. तू खो मिळायच्या आधीच उठलीस आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "फाऊल! बस खाली! पुण्याची असलीस म्हणून काय झालं?" तू रडकुंडीला आलीस. त्यांनी जवळ घेतलं, कवळी काढून दाखवली, तू हसलीस आणि परत जाऊन बसलीस. पुढच्या वेळी थाप पडेपर्यंत हललीस नाहीस. तेव्हा मी त्यांच्याकडं बघत होते.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी जिंकला. त्यांची खुर्ची रिकामी होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं.

आता मूठ उघड. संबळ जवळ आला, भोंगे पुन्हा सुरू झाले. पालखी रानात आली बघ, इथून ती आमराईत जाईल आणि पाच दिवस तिथं राहील. उदो उदो म्हण. एक खडा ढिगावर टाक.

दुसरा इकडं दे. खळ्यातल्या रेघा पार पुसट झाल्यात.