राणीच्या बागेतली झाडं

राणीची बाग म्हटलं की आपल्याला पिंजरे आठवतात, फार तर पेंग्विन. झाडं बघायला म्हणून भायखळ्याला कोण जातं? मागच्या शनिवारी मी मुद्दाम तेवढ्यासाठीच गेलो.

ही बाग १८६२ सालची. तिच्यामागे होती 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया'. देशोदेशीची झाडं आणायची आणि ती इथल्या मातीत रुजतात का ते बघायचं, हा त्यांचा उद्योग. त्यांची आधीची बाग शिवडीला होती. १८६५ मध्ये ती जागा दफनभूमीसाठी गेली.

तो काळच गमतीचा. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध, इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. त्याच पैशाच्या जोरावर जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी बागेशेजारच्या म्युझियमसाठी वर्गणी गोळा केली. १८६५ मध्ये शेअरचा फुगा फुटला आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारने पैसे घातले आणि १८७२ मध्ये म्युझियम उघडलं. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. सोसायटी मात्र १८७३ मध्ये बंद पडली आणि बाग म्युनिसिपालिटीकडे आली.

म्युझियमची नंतर रया गेली होती. २००३ ते २००८ मध्ये ते इतकं सुंदर दुरुस्त केलं की बघत राहावं. इमारतीचं हे जमतं. झाडाला बॅकअप नसतो. २००७ च्या सुमारास प्राणीसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना आली, तेव्हा काही नागरिक म्हणूनच झाडांच्या बाजूने उभे राहिले. दीडशे वर्षांचं झाड टेंडर काढून मिळत नाही!

आमच्या जळकोटजवळ नळदुर्गचा किल्ला आहे. तिथला पाणीमहाल आदिलशाहीतला, १६१३ चा. दगडाचं बरं असतं, दुर्लक्ष झालं तरी तो शतकं काढतो. बागेचा इतिहास मात्र रोज पाणी मागतो, आणि पाणी घालणाऱ्या माळ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

म्युझियममध्ये आपण काचेबाहेर उभे असतो. इथे आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावता येतो. ब्रह्मदेशातली उर्वशी हिवाळा सरताना फुलते, तेव्हा तर नक्की जा. पेंग्विन बघून झाले की मुलांना झाडंही दाखवा. त्या रांगेत गर्दी नसते.