व्यसनमुक्ती धोरणातील करिअर : कसाऱ्यापासून व्हिएन्नापर्यंत

कसारा परिसरातील वस्त्यांत आम्ही व्यसनावर बोलायला बसतो तेव्हा गर्द किंवा एमडीचे नाव क्वचितच निघते. निघते ती हातभट्टीची आणि देशी दारू. बैठकीनंतर शिकलेली मुले हमखास विचारतात : या कामात नोकरी आहे का, आणि पुढे कुठपर्यंत जाता येते?

थेट संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत जाता येते. अमली पदार्थांचे जागतिक धोरण मुख्यतः ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात ठरते. तेथे यूएनओडीसी या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचे मुख्यालय आहे आणि 53 सदस्य देशांच्या अमली पदार्थ आयोगाची दरवर्षी बैठक भरते. 1961, 1971 आणि 1988 चे तीन करार हा या व्यवस्थेचा पाया. आपला 1985 चा एनडीपीएस कायदाही याच चौकटीतला. त्याचे कलम 27 सेवन करणाऱ्याला शिक्षा सांगते, तर कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. व्यसनी माणूस गुन्हेगार की रुग्ण, हा वाद जगभर चालू आहे आणि धोरणाच्या क्षेत्रातले बरेचसे काम याच वादाभोवती फिरते.

मात्र या तिन्ही करारांत दारू नाही. तंबाखूसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा 2003 चा करार आहे. दारूसाठी याच संघटनेचे 2010 चे धोरण आहे, पण ते कोणत्याही देशावर बंधनकारक नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे 5.7 कोटी. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळालेला. आपल्या वस्त्यांचा प्रश्न जागतिक टेबलावर मागे पडतो तो असा. तिथे बोलणाऱ्याने हातभट्टी जवळून पाहिलेली असावी, असे आम्हाला वाटते.

सुरुवात मात्र वॉर्डातूनच होते. पुण्याचे मुक्तांगण 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. अवचटांचे गर्दवरील लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात दिला. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासह लोकांनी आंदोलन केले आणि 1993 मध्ये जिल्हा दारूबंदी आली. धोरण खालून वर जाते ते असे.

समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करून दोन-तीन वर्षे व्यसनमुक्ती केंद्रात काम करा. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सोबत युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम हे प्रशिक्षण घ्या. कोलंबो प्लॅनच्या अमली पदार्थविषयक कार्यक्रमातून ते तयार झाले आहे. इस्सप या जागतिक संघटनेचे सदस्यत्व मोफत मिळते. संयुक्त राष्ट्रांतील बहुतेक धोरणविषयक पदांना पदव्युत्तर पदवी, अनुभव आणि चांगले इंग्रजी लागते. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सार्वजनिक आरोग्य किंवा धोरण-अभ्यासासाठी तिचा विचार जरूर करावा.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. पाचवे शील आपण सगळेच म्हणतो, पण ते म्हणणाऱ्या घरांतही दारू आहे. विहारात त्यावर मोकळे बोलणे होत नाही, म्हणून माणूस उपचाराला उशिरा येतो. करिअर पुढचे पुढे. आज घरात कोणी अडकले असेल तर 14446 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा.