वैद्यकातील शाखांतर

गेल्या श्रावणात तळेगावाहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलगाडीत आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. अकरावी-बारावीची दोन वर्षे ती आमच्या महाविद्यालयात होती. पुढे वैद्यकाची पदवी घेऊन, नीट-पीजीचा डोंगर ओलांडून, शस्त्रक्रिया शाखेत तिने पदव्युत्तर जागा मिळविली. तिचे वडील मळवलीजवळच्या एका गावी शाळामास्तर होते. त्यांनी त्या दिवशी साऱ्या आळीस पेढे वाटल्याचे आम्हांस स्मरते. गाडीत ती म्हणाली, “सर, मी सर्जरी सोडायचं म्हणते आहे. मला मानसोपचाराकडे जायचं आहे.” पाच महिने झाले होते. वडिलांचे उत्तर तिला आधीच मिळाले होते : हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. आमच्याकडे तिने सल्ला मागितला नाही. “इतिहासात असं कुणी केलं आहे का?” एवढेच तिने विचारले, आणि हा प्रश्न आमच्या धंद्याचा असल्यामुळे तो टाळणे आम्हांस शक्य नव्हते.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. आपल्या नियमांप्रमाणे एम.डी. किंवा एम.एस.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तो चालू असता एका संस्थेतून दुसरीत बदली मिळत नाही. मन पालटले तर राजीनामा द्यावा, प्रवेशपरीक्षेस पुन्हा बसावे आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आरंभ करावा. एखाद्या विषयात पदविका घेतलेल्यास त्याच विषयाच्या पदवीसाठी एक वर्षाची सूट मिळते. दुसऱ्या विषयात गेल्यास मागचे सारे पाण्यात! शिवाय प्रवेशाची मुदत संपल्यावर सुटलेली जागा कोणास देता येत नाही. ती रिकामीच राहते आणि त्या विभागातील उरलेल्यांच्या रात्रपाळ्या वाढतात. म्हणून अनेक राज्यांनी जागा सोडणारावर भारी रकमेचा बाँड बसविला. 2024 च्या जानेवारीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांस असे सुचविले की, हा दंड काढावा आणि हवे तर जागा सोडणारास एक वर्ष प्रवेशास अपात्र ठरवावे. कारण दंडाच्या धाकाने नको त्या शाखेत अडकून पडलेल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी आयोगाकडे तक्रारी गेल्या होत्या. निवासी वैद्य हे नावच मुळी रुग्णालयात राहावे लागे म्हणून पडलेले आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली उघडले आणि हॅल्स्टेड व ऑस्लर यांनी तेथे ही पद्धती बसविली. तिच्यापूर्वी वैद्याची शाखा त्याच्या चरित्रातून हळूहळू दिसू लागे. आता ती सव्विसाव्या वर्षी एका यादीवरून ठरते.

आमच्या प्रांतात पहिले नाव सुचते ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. एलफिन्स्टन संस्थेतील अध्यापकाची जागा हाती असता, 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच ते पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसले. 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. सरकारी नोकरीही त्यांनी लवकरच सोडली. पुढे त्यांनी कुष्ठरोगावर कवटीच्या तेलाचा उपचार चालविला, लेण्यांतील शिलालेख वाचले, नाणी जमविली. त्यांचे औषध मात्र 1874 साली त्यांच्याबरोबरच गेले म्हणावयास हवे; त्याची कृती त्यांनी आपल्या हयातीत छापून दिली नाही. एवढ्या उदार पुरुषाने हे का केले असावे, याचे आम्हांस नेहमी कोडे पडते.

परंतु आमच्या विद्यार्थिनीस आम्ही मुख्यत्वे सांगितली ती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची गोष्ट. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ हा ग्रंथ पाहिलेला असतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील 363 चित्रे कार्टर यांच्या हातची. ग्रे यास प्रतींच्या खपावर पैसा मिळत असे. चित्रकारास एकदाच दीडशे पौंड देऊन वाटेस लावण्यात आले. 1858 साली तो ग्रंथ लंडनात प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर तेथे नव्हतेच. ते मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीरशास्त्र शिकवू लागले होते. सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापकपद, आणि तेही ज्या विषयात आपल्या तोडीचा हात फार थोड्यांचा त्या विषयात! याहून पक्की जागा ती कोणती?

कार्टर त्या जागेवर मुरून बसले नाहीत. मुंबईच्या रुग्णालयात त्यांच्यापुढे सुजून फुटलेले, काळे-पांढरे कण गाळणारे पाय येऊ लागले. मदुरेच्या बाजूस हा रोग पूर्वीपासून ठाऊक होता. हे कण म्हणजे बुरशी होय, असे कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले, आणि 1874 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1863 साली त्यांची साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली. बोरघाटाचा आगगाडीचा रस्ता खुला झाला तो याच वर्षी. साताऱ्यास त्यांनी सुमारे नऊ वर्षे काढली. विच्छेदनगृहातल्या प्राध्यापकास जिल्ह्याच्या गावी धाडणे म्हणजे पदावनतीच, असे आजचा कोणीही निवासी वैद्य म्हणेल. कार्टर यांची जिज्ञासा तेथेही थांबली नाही. कुष्ठरोग हा त्यांचा विषय झाला. 1872 नंतरच्या रजेत ते नॉर्वेपर्यंत गेले. बर्गेन येथे कुष्ठाचे जंतू प्रथम पाहणारे हान्सेन यांचे काम त्यांनी जवळून पाहिले, आणि परत येऊन रोग्यांस वेगळे ठेवण्याचा नॉर्वेचा मार्ग हिंदुस्थान सरकारपुढे मांडला. हा भाग आम्हांस रुचत नाही. वेगळे ठेवण्याच्या कल्पनेने पुढे किती माणसांची घरे तुटली हे आपणांस ठाऊक आहे. 1877 च्या दुष्काळात मुंबईस लोटलेल्या भुकेल्या माणसांत जो उलटणारा ताप पसरला, त्यातल्या रक्तातील मळसूत्री जंतू त्यांनी शोधले आणि 1882 साली त्यावर पुस्तक काढले.

शारीरशास्त्रापासून बुरशी, बुरशीपासून कुष्ठ, कुष्ठापासून ताप : ही तीन शाखांतरे झाली. पण त्यांची ती चित्रे पाहिली म्हणजे ध्यानात येते की, प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर तोच डोळा आणि तीच पेन्सिल गेली. मागचे पाण्यात गेले नाही. आजचा नियम मात्र सोडलेल्या महिन्यांची किंमत शून्य धरतो.

पुण्याजवळचे उदाहरण पाहिजे तर डॉ. नोशीर अंतिया यांचे घ्या. इंग्लंडातून प्लॅस्टिक सर्जरी शिकून आलेला हा मनुष्य कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात बसकी नाके आणि वाकडी बोटे नीट करीत बसला. आणि पुढे, शस्त्रविद्येत सर्वमान्य झाल्यावर, 1975 साली सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढून मांडव्याकडील खेड्यांतल्या बायकांस औषधोपचार शिकवू लागला. आमच्या विद्यार्थिनीस अधिक जवळचे वाटले ते डॉ. प्रकाश आमटे यांचे, कारण ते तिच्यासारखेच शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर वर्गात, नागपुरास, शिकत होते. तो अभ्यास अर्धा टाकून ते हेमलकशास गेले. लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर 1973 चा. बरोबर पत्नी डॉ. मंदाकिनी, या भूलतज्ज्ञ. तेथे शाखा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. मलेरिया, अडलेली बाळंतीण, अस्वलाने फाडलेला मनुष्य, सारे एकाच पडवीत. 2008 साली दोघांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथवर सांगून आम्ही थांबलो, कारण आमच्या धंद्यातली एक लबाडी आमच्या ध्यानात आली. चरित्रकोशात जे शिरतात ते यशस्वी झालेलेच. जागा सोडून गेलेले आणि कोठेच न पोहोचलेले किती, त्यांची नोंद कोणी ठेवली? आणि दुसरे असे की, कार्टर मुंबई सोडून गेले म्हणून कोणाची जागा तीन वर्षे रिकामी पडली नाही. हे दोन्ही मुद्दे आम्ही तिला सांगितले. पण त्यापुढे असेही म्हणालो की, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलताना तिला जे सुचते म्हणून ती सांगत होती, ते तिला शस्त्रक्रियेच्या खोलीनेच शिकविले आहे. मानसोपचाराच्या वर्गात ते पाच महिने शून्य धरले तरी ते शून्य नव्हेत.

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. कामशेत मागे पडले होते, भातखाचरांवर धुके उतरले होते. मग तिने विचारले, “सर, कार्टरला बाँड होता का?”

होता, आम्ही म्हणालो. सरकारी वैद्यकखात्याच्या नोकरीची वर्षे भरल्याखेरीज पेन्शन नव्हते; 1888 साली निवृत्त होऊन ते गेले, म्हणजे तीस वर्षे भरली.

“म्हणजे नोकरी न सोडता सगळं केलं त्यांनी.”

हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही तसे तिला सांगितले.

मळवलीस तिचे वडील छत्री घेऊन फलाटावर उभे होते. आम्हांस पाहताच ते खिडकीपाशी आले. “सर, काय म्हणते ही?” त्यांनी विचारले. आम्ही तिच्याकडे पाहिले; ती पिशवी उचलून दाराकडे गेली होती. बाँडची रक्कम भरावयाची झाल्यास गावची दोन खाचरे विकावी लागतील, हे त्यांनी आम्हांस आधीच फोनवर सांगितले होते. ती उतरली, त्यांनी छत्री तिच्या डोक्यावर धरली, आणि गाडी लोणावळ्याकडे निघाली.