प्रूफ नाणे

प्रूफ नाणे : घासून आरशासारख्या केलेल्या चकतीवर, तितक्याच निगुतीने चकाकी दिलेल्या ठशांनी, संथ गतीने व सहसा दोन किंवा अधिक दाब देऊन पाडलेले नाणे. प्रूफ ठरते ते पाडण्याच्या पद्धतीवरून. म्हणून खिशात फिरून झिजलेले प्रूफही प्रूफच राहते आणि साधे नाणे कितीही घासले तरी प्रूफ होत नाही.

ओळखताना चकाकीपेक्षा कडांवर भर द्यावा. प्रूफवर अक्षरे व चित्र मोकळ्या जागेतून सरळ वर उठतात, काठ काटकोनी असतो, कंगोरे स्वच्छ उतरतात. छापील मजकूर नाण्याजवळ धरला तर तो मोकळ्या जागेच्या प्रतिबिंबात वाचता येतो. चलनासाठी पाडलेल्या कोऱ्या नाण्याची झळाळी वेगळी असते. दाबाखाली धातू काठाकडे सरकतो, त्यामुळे ठशावर बारीक रेषा पडत जातात आणि त्या नाण्यावर उमटतात. असे नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की उजेडाचे पट्टे मध्याभोवती फिरतात. नाणे घासले की हे पट्टे जातात.

भिंगाखाली रेषा नीट पाहाव्यात. बहुतेक वेळा निकाल येथेच लागतो. ठशाला पॉलिश करताना पडलेले ओरखडे नाण्यावर उंच उमटतात व चित्राच्या कडेशी थांबतात. नाणे नंतर घासल्याचे ओरखडे खोल असतात आणि मोकळ्या जागेतून चित्रावर बेधडक चढतात. ताज्या पॉलिश केलेल्या ठशाची पहिली काही चलनी नाणीही आरशासारखी येतात. त्यांना प्रूफलाइक म्हणतात. मात्र प्रूफच्या काटेकोर कडा त्यांना क्वचितच असतात.

सर्व प्रूफ चकाकत नाहीत. ठशाच्या चित्रभागावर बारीक कणांचा मारा केला की नाण्यावर पांढरट, खरखरीत चित्र व काळसर चमकदार पार्श्वभूमी असा विरोध दिसतो. इंग्लंडमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये पाडलेली प्रूफ नाणी मात्र सर्वांगी मॅट होती, आणि नवखा संग्राहक त्यांना सहज निस्तेज समजतो. ‘उलट प्रूफ’ या प्रकारात चित्र चमकते व पार्श्वभूमी खरखरीत असते. अमेरिकेने २००६ मध्ये चांदीच्या ईगल नाण्याच्या विसाव्या वर्षानिमित्त असे नाणे काढले.

भारतात प्रूफ नाण्यांचे मोठे केंद्र मुंबईची टाकसाळ. तिच्या चलनी नाण्यांवर वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण येते, तर १९६९ नंतरच्या बऱ्याच प्रूफ नाण्यांवर ‘बी’ व शहराचे नाव बदलल्यावर ‘एम’ हे अक्षर दिसते. गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे साध्या व प्रूफ अशा दोन्ही रूपांत मिळते. सराव करायला त्याच्याइतकी चांगली जोडी नाही. टाकसाळीची पेटी मात्र पुरावा मानू नये, आतले नाणे बदलणे सोपे असते.

ब्रिटिश भारताच्या नाण्यांत अडचण वाढते. कलकत्ता व मुंबई टाकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुढेही प्रती पाडल्या. लिलावात त्यांना रीस्ट्राइक म्हणतात आणि मूळ प्रूफपेक्षा त्यांची किंमत बरीच कमी असते. दोन्ही प्रकार आरशासारखे असल्याने येथे चकाकी काहीच सांगत नाही. ठसा पडून राहिल्याने त्यावर गंज चढला असेल, तर प्रतीवर मोकळ्या जागेत इवलेसे उंचवटे दिसतात, आणि असे उंचवटे असलेले नाणे मूळ प्रूफ म्हणून विकत घेण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.